गर्भपातावर वाद घालायचाय? मग आधी प्रश्न सुटे करा

गर्भपात बरोबर की चूक हा विषय निघाला की दहा मिनिटात आवाज चढतो, आणि मी कित्येकदा बघितलंय की दोघं तावातावाने भांडत असतात पण भांडण एका प्रश्नावर नसतंच. एक म्हणतोय पोटातला जीव हा जीवच आहे, दुसरी म्हणतेय बाईचं शरीर बाईचं आहे. आता ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात ना! मग नक्की कशावर वाद चाललाय हे आधी शोधावं लागतं, ते कसं शोधायचं तेवढंच इथे लिहितोय.

सुरुवात शब्दांपासून करा. आपल्याकडे आपोआप पडला तरी गर्भपात आणि मुद्दाम केला तरी गर्भपात. डॉक्टरी भाषेतही तेच, आपोआप झालं तरी फाइलवर 'स्पॉन्टेनियस अबॉर्शन' लिहितात. माझ्या बहिणीचं तिसऱ्या महिन्यात गेलं, बाळ हवं असताना गेलं, आणि डिस्चार्जच्या कागदावर तो अबॉर्शन शब्द वाचून ती गाडीत जे रडली ते मी विसरू शकत नाही, "मी कुठे काय केलं रे?" एवढंच म्हणत होती. त्यामुळे बोलताना स्पष्ट सांगा, पडला की केला. माहीत झालेल्या प्रेग्नन्सींपैकी दहातल्या एक ते दोन आपोआप पडतात, म्हणजे चार बायका बसल्या असतील तिथे हे सोसलेली एखादी असणारच असं धरून चला. आणि 'भ्रूणहत्या' म्हटलं की निकाल आधीच लागला, 'नुसता पेशींचा गोळा' म्हटलं तरीही लागला, फक्त उलटा. दोन्ही शब्द बाजूला ठेवा, 'गर्भ' म्हणा, तो शब्द दोन्ही बाजूंना चालतो.

मग आठवडे. हे न समजता वाद घालणारे फार आहेत. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, गर्भधारणेपासून नाही, म्हणजे "६ आठवडे" म्हटलं की गर्भ खरा साधारण ४ आठवड्यांचा असतो आणि बाईची पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात, पाळी अनियमित असेल तर तिला पत्ताही नसतो. त्याच सुमारास सोनोग्राफीत ठोके दिसायला लागतात, पण चार कप्प्यांचं हृदय अजून तयार व्हायचं असतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आपल्या सोयीची एकच सांगू नका. वेदनेचं म्हणाल तर मेंदूच्या ज्या जोडण्या त्यासाठी लागतात असं बहुतेक तज्ज्ञ मानतात त्या साधारण २४व्या आठवड्याच्या आसपास तयार होतात, काही संशोधक मात्र म्हणतात की वेदना त्याआधीही जाणवत असेल. आणि बाहेर काढल्यावर जगण्याची शक्यता सुरू होते २२ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान, तीही चांगलं एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, जवळ असेल तर. मला ही शेवटची रेषा नेहमी खटकते, कारण मशीन चांगलं असेल तिथे तो गर्भ वाचवण्यासारखा आणि नसेल तिथे नाही, मग किंमत गर्भाची ठरली की मशीनची?

आता मुख्य काम, प्रश्न सुटे करणं. माझ्या मते ते तीन आहेत.

पहिला, गर्भ आहे कोण? माणूस, होणारा माणूस, की आणखी काही? याचं उत्तर माणसं हजारो वर्षं शोधतायत. अ‍ॅरिस्टॉटलने गर्भाला आकार येण्याची मुलग्यासाठी ४० दिवस आणि मुलीसाठी ९० दिवस अशी रेषा सांगितली होती (मुलीला जास्त दिवस का हे विचारायला नकोच), इस्लामी शास्त्रात बरेच पंडित १२० दिवसांनी प्राण फुंकला जातो असं मानतात, आणि १९८४ साली ब्रिटनच्या वॉर्नॉक समितीने प्रयोगशाळेतल्या भ्रूणावर संशोधनाला १४ दिवसांची मर्यादा सुचवली कारण त्या सुमारापर्यंत एकाचे दोन, म्हणजे जुळे होऊ शकतात, तोवर तो 'एक' जीव ठरलेला नसतो. गर्भपात चूक म्हणणाऱ्यांचं सगळ्यात भक्कम म्हणणं मला तत्त्वज्ञ डॉन मार्क्विस यांचं वाटतं, १९८९ मधलं. ते आत्म्यावर जातच नाहीत. ते म्हणतात, मोठ्या माणसाला मारणं वाईट का, तर त्याचं पुढचं सगळं आयुष्य हिरावलं जातं म्हणून, आणि गर्भापुढेही तसंच आयुष्य आहे. उलट बाजूच्या तत्त्वज्ञ मेरी अ‍ॅन वॉरेन म्हणतात की जाणीव, विचार, स्वतःची ओळख यातलं काहीच नसेल तर त्याला व्यक्ती कसं म्हणायचं. पण मग नुकतं जन्मलेलं बाळही त्यात बसत नाही! आणि गर्भधारणेचा क्षण धरला तर गर्भाशयात रुजण्याआधीच नकळत वाहून जाणारे कितीतरी भ्रूण असतात, त्यांच्यासाठी कोणीच सुतक पाळत नाही. कुठलीही बाजू घ्या, काहीतरी अवघड गिळावं लागतंच, आणि समोरच्याला "तू यातलं काय गिळायला तयार आहेस" असं शांतपणे विचारलं की निम्मा आरडाओरडा तिथेच थांबतो.

दुसरा प्रश्न, समजा गर्भ माणूसच आहे, तरी बाईने त्याला नऊ महिने शरीर द्यायलाच हवं का? हा पहिल्यापेक्षा वेगळा आहे आणि लोक इथेच घसरतात. तत्त्वज्ञ ज्युडिथ जार्विस थॉमसन यांनी १९७१ मध्ये एक कल्पना मांडली, तुम्ही झोपेतून उठता आणि बघता तर तुम्हाला पळवून आणून एक आजारी व्हायोलिनवादक तुमच्या किडनीला जोडलेला आहे, नऊ महिने असंच राहिलात तर तो जगेल, सुटलात तर मरेल. राहिलात तर मोठं मन, पण राहिलंच पाहिजे अशी सक्ती करता येईल का? मला यातला साधा मुद्दा फार पटतो, की स्वतःच्या मुलाला वाचवायलाही कुठला कायदा बापाची किडनी जबरदस्तीने काढत नाही. पण याचं उत्तरही नीट ऐका. विरोधक म्हणतात की तिथे तुम्हाला पळवून आणून जोडलंय, हे फार तर बलात्काराच्या केसला लागू होईल, शिवाय किडनी न देणं वेगळं आणि जो आधीच आत वाढतोय त्याला काढून टाकणं वेगळं. हा आक्षेप हसून उडवण्यासारखा नाहीये.

तिसरा, कायद्याचा. चुकीची प्रत्येक गोष्ट गुन्हा असते का? नसते, खोटं बोलणं चूक आहे पण घरात खोटं बोललात म्हणून पोलीस येत नाहीत. बंदी घातली म्हणून गर्भपात थांबत नाहीत, ते लपून आणि असुरक्षित होतात, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगातले जवळपास ४५ टक्के गर्भपात असुरक्षित असतात. यावर समोरचा म्हणेल की चोऱ्याही थांबत नाहीत म्हणून चोरीचा कायदा काढतो का, आणि तो गर्भाला जीवच मानत असेल तर त्याचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर आहे. म्हणजे गाडी परत पहिल्या प्रश्नावर आली, तसं उघड बोलून टाका.

मग स्वतःचा नियम अवघड केसवर घासून बघा, समोरच्याचा नाही, स्वतःचा. "जीव तो जीव" म्हणत असाल तर बलात्कारातून राहिलेला गर्भ घ्या, किंवा गर्भनलिकेतली प्रेग्नन्सी, जिथे बाळ वाचणारच नसतं आणि नलिका फुटली तर आईही जाऊ शकते. "तिची मर्जी" म्हणत असाल तर मुलगी आहे म्हणून केलेला गर्भपात घ्या. विसाव्या आठवड्याच्या स्कॅनमध्ये दोष दिसला तर? इथे अपंग माणसं विचारतात की म्हणजे आम्ही जन्मायलाच नको होतो का, आणि याचं उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही. माझं मत विचाराल तर सुरुवातीच्या आठवड्यात निर्णय तिचाच, पण गर्भ वाढतो तसं त्याचं नैतिक वजनही वाढतं आणि उशिराच्या गर्भपाताला तेवढंच मोठं कारण हवं. रेषा नेमकी कुठे ते मी बोट ठेवून दाखवू शकत नाही तरी हेच मला पटतं.

आणि एक अगदी महत्त्वाचं. समोरची बाई खरंच या निर्णयात अडकलेली असेल तर यातलं काहीही तिच्यासमोर काढू नका, व्हायोलिनवाला पण नाही आणि आत्मा पण नाही. किती आठवडे झालेत विचारा, पोटात एका बाजूला जोरात दुखतंय का, रक्त जातंय का, चक्कर येते का विचारा (असेल तर ताबडतोब हॉस्पिटल, नलिकेतली असू शकते), स्वतःच्या मनाने गोळ्या घेऊ नको म्हणावं, आणि ती एकटी असताना हळूच विचारा की ठेव म्हणून किंवा काढ म्हणून घरचं कोणी मागे लागलंय का. मग डॉक्टरकडे जाताना सोबत येऊ का ते विचारा.