कुत्र्याचं पिल्लू माणूस दिसला की मुतते, तर काय करायचं

आमचा भुऱ्या दोन महिन्यांचा असताना वावरात जागलीला कामी येईल म्हणून आणला, कारण रानडुकरं तुरीत घुसतात अन् रोही, म्हणजे नीलगाई, हरभरा ठेवत नाहीत. पंधरा दिवसांत घरात एकच बोंब सुरू झाली. बाबांची फटफटी अंगणात लागली की हा पळत जायचा, अन् पायाजवळ पोचता पोचता पोट जमिनीला, कान मागं, शेपूट पायात, मग उताणा पडायचा अन् तिथंच मुतायचा. बाबा ओरडायचे, "काहून रे, रोज रोज इथंच काहून?" तर तो अजून मुतायचा. एक दिवस बाबांनी तुराटी हाणली. मी बाजूलाच उभा होतो, थांबवलं नाही, त्याचं मला आजही वाईट वाटते, कारण त्यानंतर चार दिवस तो बंडीखालून बाहेर यायला तयार नव्हता, अन् मुतणं कमी व्हायच्या जागी बाबांचा नुसता आवाज आला तरी सुरू व्हायचं.

ही घाण करायची सवय नाही, हे आधी घरातल्या सगळ्यांना सांगा. पिल्लू मोठ्या कुत्र्यासमोर असंच करते, म्हणजे मी लहान आहे, मला मारू नको. माणसासमोरही ते तेच सांगत असते. तुम्ही ओरडले की त्याला वाटते आपलं सांगणं पोचलं नाही, मग ते अजून खाली वाकते अन् अजून मुतते. त्यात त्याच्या हातात काहीच नसते.

दुसरा प्रकार आनंदाचा. त्यात पिल्लू दबत नाही, उड्या मारते, शेपटीसोबत कंबरही हलते अन् चालता चालता थेंब पडत जातात. लहान वयात लघवीवर ताबा कमी असते, वर्षभरात बहुतेक पिल्लांचं हे आपोआप थांबते. पण झोपेतही गळत असेल, घडीघडी थोडं थोडं होत असेल, लघवीत रक्त दिसत असेल किंवा पाणी लय पीत असेल तर हे दोन्ही प्रकार नाहीत, सरळ जनावरांच्या दवाखान्यात न्या.

आता खरं काम दाराशी आहे. बाहेरून आल्यावर पहिले दोन-चार मिनिटं पिल्लाकडं पाहूच नका, नाव घेऊ नका, हात लावू नका, चप्पल काढा, हातपाय धुवा, पाणी प्या. ते शांत झालं की ओट्यावर किंवा जमिनीवर त्याच्याकडं बाजू करून बसा, समोरासमोर नाही, अन् त्याला स्वतःहून येऊ द्या. डोळ्यात डोळे घालून पाहायचं नाही, त्याच्यासाठी ती धमकी असते. वरून वाकून डोक्यावर हात ठेवायचा नाही, हीच चूक सगळे करतात, पाहुणे तर हमखास. हात खालून न्या, छातीवर किंवा हनुवटीखाली खाजवा. उताणं पडलं तर उचलू नका, रागावू नका, लाडही करू नका, उठून दुसरीकडं जा. ते उठून चार पायांवर आलं की मग बोला, तेही हळू आवाजात. शक्य तेवढी भेट अंगणात करा, म्हणजे झालं तरी मातीत जाईल अन् कोणाचं डोकं फिरणार नाही.

बाबांना मी एवढंच म्हटलं, बाबा, आठ दिवस फक्त ओट्यावर बसा अन् हात खाली सोडून ठेवा. पहिले दोन दिवस भुऱ्या खाटेमागूनच पाहत होता. तिसऱ्या दिवशी येऊन बोटं हुंगली अन् पळाला. पाचव्या की सहाव्या दिवशी बाबांच्या मांडीला नाक लावून उभा राहिला, जमीन कोरडी.

घरात झालंच तर गुपचूप पुसा, नाक घासणं वगैरे अजिबात नाही. फिनाईलनं पुसून ओलं ठेवू नका, पिल्लू पाय चाटते अन् ते पोटात जाते. फरशी असेल तर पाण्यात व्हिनेगर टाकून पुसलं की वास जाते, वास राहिला तर त्याच जागी परत होते.

अंगावर उड्या मारणाऱ्याला ढकलू नका, ढकलणं त्याला खेळ वाटते. पाठ फिरवा, हात बांधा, चारही पाय जमिनीवर आले की लगेच खाऊ. 'बस' शिकवायला खाऊ नाकासमोरून डोक्याच्या वर मागं न्या, ढुंगण आपोआप टेकते, टेकलं त्याच क्षणी द्या. पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, पुरे. शब्द मात्र घरात एकच, एकानं बस, दुसऱ्यानं बैठ, पोट्ट्यांनी सिट म्हटलं तर त्याला काहीच कळत नाही. अन् दबणाऱ्या पिल्लासाठी हेच औषध आहे, कारण आपण काय केलं की माणूस खूश होते हे त्याला समजलं की भीती कमी होते. खाऊ म्हणजे भाकरीचा कोरडा तुकडा, उकडलेलं अंडं. भाजीच्या रश्श्यात बुडवून देऊ नका, कांदा-लसूण कुत्र्याला विषारी, तसंच द्राक्षं, मनुका अन् चॉकलेट.

पोळ्याच्या दिवशी अन् दिवाळीच्या फटाक्यात अशा पिल्लाला मागच्या खोलीत ठेवा, ढोल अन् गर्दीत महिन्याची मेहनत जाते. पराटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी चालू असेल तेव्हा वावरात नेऊ नका. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस द्याच, अन् खेळताना दात लागून रक्त आलं तर साबण लावून वाहत्या पाण्यात 15 मिनिटं धुवा अन् लगेच सरकारी दवाखान्यात दाखवा, हळद-मिरची भरत बसू नका.

भुऱ्या आता दहा महिन्यांचा आहे. बाबांसमोर कधीच होत नाही. मोठे बाबा, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, आले की अजून होते कधीकधी, त्यांचा आवाजच तसा आहे, म्हणून त्यांचा फोन आला की मी आधी भुऱ्याला गोठ्यामागं नेऊन मोकळा करून आणतो, अन् मोठ्या बाबांच्या हातात फाटकातच भाकरीचा तुकडा देतो.