सेकंडहँड गाडी काळ्या रंगाची घेताय? रंग कसा तपासायचा आणि नंतर कसा जपायचा

काळी गाडी घेऊ नको, मेन्टेन होत नाही, हे मला गाडी शोधताना किमान दहा जणांनी ऐकवलं असेल. तरी घेतली. सहा वर्षं जुनी सेडान, पर्ल ब्लॅक, आता माझ्याकडे तिचं चौथं वर्ष चालू आहे, म्हणून जे जे कळलं ते एकदा नीट लिहून काढतोय. माझं मत आधीच सांगतो, काळा रंग नाजूक नसतो, त्याची वाट लावतं ते रोज सकाळी त्याच्यावरून फिरणारं ओलं फडकं. ते थांबवायची तयारी असेल तर बिनधास्त घ्या, नसेल तर खरंच सिल्व्हर घ्या, तो रंग सगळं पोटात घालतो.

माझं काय झालं ते सांगतो. डीलरच्या शेडमध्ये गाडी आरशासारखी दिसत होती, स्वतःचा चेहरा दिसत होता दारात. घरी आणली, तीन वेळा धुतली आणि एका रात्री पेट्रोल पंपावर लाइटच्या खाली उभी केली तर बोनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक ओरखडे, लाइटच्या प्रतिबिंबाभोवती सगळीकडे. आधी नव्हते का? होतेच, पण वरून सिलिकॉनवालं पॉलिश मारून ते बुजवले होते आणि शाम्पूने ते पॉलिश निघून गेलं. यात गंमत अशी आहे की असेच ओरखडे पांढऱ्या गाडीवर पण असतात, फक्त पांढरा रंग प्रकाश आधीच सगळीकडे पसरवतो म्हणून ते दिसत नाहीत, काळ्यावर मात्र ओरखड्यावरून परतणारा प्रकाश एवढा एकच उजेड असतो, त्यामुळे प्रत्येक रेघ पांढरी चमकते.

रंग कोणता घ्यायचा हे आधी ठरवा. डार्क म्हणजे सगळं सारखं नसतं. प्लेन सॉलिड ब्लॅक सगळ्यात अवघड, त्यात चमकी नसते त्यामुळे ओरखडा लपायला जागाच नाही. पर्ल किंवा मेटॅलिक ब्लॅकमध्ये बारीक कण असतात, ते नजर थोडी फसवतात, फरक खरंच जाणवतो. गडद निळा त्याहून सोपा, मारुतीचा नेक्सा ब्ल्यू आठवा, धूळ दिसते पण ओरखडे तितके नाही. रोजच्या वापराला माझ्या मते सगळ्यात शहाणा रंग म्हणजे डार्क ग्रे, आपल्याकडच्या धुळीचाच रंग तो, चार दिवस नाही धुतली तरी कळत नाही. मरून आणि गडद लाल घेताना टप आणि बोनेट नीट बघा, लाल रंगछटा उन्हाने लवकर उडतात. टाटाने 2019 ला हॅरियरची डार्क एडिशन आणली, त्यानंतर बाकीच्या कंपन्यांनीही काळ्या एडिशन काढल्या, त्यामुळे सेकंडहँडमध्ये आता काळ्या गाड्या चांगल्या मिळतायत, घाई करायची गरज नाही.

उन्हाचं पण खरं बोलू. अमेरिकेत बर्कले लॅब या संशोधन संस्थेने 2011 मध्ये छापलेल्या अभ्यासासाठी दोन सारख्याच होंडा सिव्हिक, एक काळी एक सिल्व्हर, तासभर उन्हात लावून मोजल्या, तर काळीचा टप 25 अंशांपर्यंत जास्त तापला आणि आतली हवा पाच-सहा अंश जास्त गरम झाली. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे राहत असाल आणि गाडी दिवसभर उघड्यावर लागणार असेल तर हे लक्षात घ्या. आणि गरम होतेय म्हणून काचांना काळी फिल्म लावायला जाऊ नका, पुढच्या-मागच्या काचेतून 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के प्रकाश आरपार गेलाच पाहिजे असा नियम आहे, चौकात दंड भरत बसाल.

आता गाडी बघायला जाल तेव्हा. पहिली गोष्ट, संध्याकाळी जायचं नाही आणि शेडमध्ये बघायची नाही. सकाळी नऊ-दहाला जा, गाडी उन्हात बाहेर काढायला सांगा, आणि फोनवरच सांगून ठेवा की पॉलिश करू नका, फक्त धुवून ठेवा. मग मोबाईलचा टॉर्च लावून बोनेट, टप, डिक्की आणि दरवाजे तिरक्या नजरेने बघा. जाळ्यासारखे बारीक ओरखडे असतील तर घाबरू नका, ते क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात असतात आणि पॉलिशने बरेचसे जातात. नखाने हळूच आडवं फिरवून बघा, नख अडकलं तर तो ओरखडा खोल आहे, तो पॉलिशने जाणार नाही असं धरून भावात कमी करा. टपावर किंवा बोनेटवर पांढरट पापुद्रे सुटल्यासारखे दिसले तर क्लिअर कोट गेलाय, त्याला पॉलिश हा इलाजच नाही, तो पॅनल परत रंगवावाच लागतो.

रिपेंट ओळखायला शिका, डार्क रंगात हे जास्त महत्त्वाचं कारण शेड जुळवणं अवघड जातं. कंपनीचा सगळा रंग मिळून, म्हणजे प्रायमर, बेस, क्लिअर वगैरे धरून, साधारण 90 ते 140 मायक्रोन असतो, आपला केस साधारण 70 मायक्रोनचा, म्हणजे फार तर दोन केसांएवढा. रंगाची जाडी मोजायचं छोटं मशीन ऑनलाइन मिळतं, कोणाकडून मागून न्या. 200 च्या वर आकडा आला तर तो पॅनल बहुतेक परत रंगवलाय, आणि 500-1000 यायला लागला की खाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी भरलीय हे नक्की. मशीन नसेल तर छोटं लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून लावा, लांबीच्या जागी ते ढिलं चिकटतं किंवा पडतं (बंपर प्लॅस्टिकचा असतो आणि काही गाड्यांचं बोनेट ॲल्युमिनियमचं, तिथे ते लागणारच नाही). दरवाजे उघडून रबर मागे दाबून बघा, रंगाची कड किंवा बारीक फवारा दिसतो का, बोनेटच्या बिजागऱ्यांच्या बोल्टवरचा रंग पान्याने खरवडलाय का. उलट बोनेटच्या पुढच्या कडेला खडीचे दोन-चार टिपके दिसले तर मला बरंच वाटतं, सहा-सात वर्षं हायवेवर फिरलेल्या गाडीचं नाक अगदी नितळ असेल तर ते मूळ रंगाचं नसण्याची शक्यता जास्त. एखादा पॅनल रंगवलाय म्हणून गाडी सोडू नका, दरवाजा घासला असेल तर कोणीही रंगवतं, पण टप रंगवलेला असेल तर का हे विचाराच, टपाला सहजासहजी काही होत नाही.

आणि आरसीवरचा रंग बघा. मूळची पांढरी गाडी काळी केली असेल तर आरटीओत जाऊन आरसीवर तो बदल नोंदवलेला असायला हवा, इन्शुरन्सवाल्यांना पण कळवलेलं असावं. नसेल तर ती कटकट तुमच्या गळ्यात येते. स्वतः रंग बदलायचा विचार असेल तर आणखी एक, ऑलिव्ह ग्रीन हा रंग लष्कराच्या गाड्यांसाठी राखीव आहे, कितीही आवडला तरी तो मारता येत नाही.

गाडी घरी आली. आता मुख्य काम.

आमच्या सोसायटीत एक दादा रोज पहाटे वीस-पंचवीस गाड्या पुसतात, एक बादली, एक फडकं. एकदा मी सहा वाजता खाली गेलो आणि मुद्दाम बादलीत बघितलं, माझ्या आधी बारा गाड्या झाल्या होत्या, पाणी चहासारखं झालं होतं, फडकं पिळून माझ्यासमोर उजेडाच्या बाजूला धरलं तर त्यात वाळूचे कण चमकत होते. तेच फडकं माझ्या बोनेटवर गोल गोल फिरणार होतं. म्हणजे ते रोज बारीक सॅंडपेपर मारणंच झालं की. मी म्हटलं, दादा, उद्यापासून माझी गाडी पुसू नका, पैसे महिन्याचे तेवढेच घ्या. ते कसनुसे झाले, काय चुकलं का ओ साहेब म्हणाले. त्यांना टॉर्च लावून बोनेट दाखवलं, शेजारची नवीन काळी गाडी पण दाखवली, आठ महिन्यांत तिची काय अवस्था झालीय ती. त्यांनाच वाईट वाटलं. आता ते माझ्या गाडीच्या फक्त काचा आणि चाकं करतात, बॉडीला हात लावत नाहीत. त्यांची रोजीरोटी आहे ती, त्यांच्यावर चिडून उपयोग नाही, समजावून सांगितलं की लोक ऐकतात.

तर नियम एकच, कोरड्या धुळीवर काहीही फिरवायचं नाही. फडकं नाही, पिसांचा झाडू नाही, हाताने झटकायचं पण नाही, आणि लहान मुलं धुळीवर बोटाने नावं लिहितात ते तर अजिबात नाही, ते नाव धुतल्यावर पण दिसत राहतं. धूळ बसलीय तर बसू दे, आठवड्याने नीट धुवा. आधी नळीने किंवा प्रेशरने भरपूर पाणी मारून सुटी माती उतरवायची, मग दोन बादल्या, एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक पॅनल वरून खाली सरळ रेषेत पुसायचा, मग साध्या पाण्यात खळखळून घ्यायचा आणि परत शाम्पूत. टपापासून सुरुवात, दारांचा खालचा भाग सगळ्यात शेवटी कारण खडी-चिखल तिथेच असतो. भांड्यांचा साबण आणि कपड्यांची पावडर नको, रंगावर लावलेलं मेण (वॅक्स) निघून जातं. खाली पडलेला मोजा न धुता परत गाडीला लावू नका, मी एकदा लावला होता आणि मागच्या दारावर त्याची खूण अजून आहे.

पाणी कसलं आहे हे काळ्या गाडीला फार लागतं. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी उन्हात वाळलं की क्षारांचे पांढरे गोल डाग पडतात आणि राहिले तर रंगात रुततात. म्हणून सावलीत, सकाळी लवकर, बोनेट हाताला गार लागत असताना धुवायची आणि लगेच जाड मायक्रोफायबर टॉवेलने टिपून घ्यायची, घासायची नाही, टॉवेल पसरून ओढून घ्यायचा. बरेच जण आरओचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरतात, पाणी वाचवायची भावना चांगली आहे पण त्या पाण्यात क्षार आणखी वाढलेले असतात, डार्क गाडीला ते वापरू नका, फरशीला वापरा. त्याऐवजी एसीच्या पाइपमधून टपकणारं पाणी बादलीत साठवा, त्यात क्षार जवळजवळ नसतात, शेवटचं पाणी म्हणून बोनेट-टपावर ओतायला एकदम मस्त. डाग पडलेच असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन दोन मिनिटं ओलं कापड ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा.

पक्ष्यांची शिट दिसली की त्याच दिवशी काढा. काळा पत्रा उन्हात तापतो, क्लिअर कोट मऊ पडतो आणि शिटेतलं आम्ल आत खातं, संध्याकाळी गार झालं की तो डाग तिथेच कोरला जातो. ओला टिश्यू पाच मिनिटं ठेवायचा आणि उचलून घ्यायचा, पुसायचा नाही. जांभळाच्या आणि वडाच्या झाडाखाली गाडी लावू नका, सावली मिळते पण नुकसान जास्त. कोल्हापूर-सांगलीकडे साखर कारखान्याजवळ राहणाऱ्यांनी गळीत हंगामात विशेष जपा, ती काळी राख गाडीवर दिसत नाही आणि पुसली की ओरखडे येतात, तिला फक्त पाण्याने उतरवायचं. गाडीला कव्हर घालत असाल तर धुतलेल्या गाडीवरच घाला, धुळीवर कव्हर घातलं की वाऱ्याने ते हलत राहतं आणि रात्रभर घासतं.

दसऱ्याला गाडीची पूजा आपण करतोच, करावीच. फक्त हळद-कुंकू सुकं बोटाने बोनेटवर दाबून ओढू नका, पाण्यात कालवून नंबर प्लेटवर किंवा काचेवर स्वस्तिक काढा, आणि झेंडूचा हार तारेत ओवलेला असतो तो बांधून हायवेला जाऊ नका, पूजा झाली, फोटो झाले की हळूच सोडवून घ्या. माझ्या गाडीच्या नाकावर अशा तारेचीच अर्धचंद्रासारखी रेघ आहे, आधीच्या मालकाच्या काळातली.

जुने ओरखडे घालवायचे तर गाडी घेतल्यावर एकदाच चांगल्या माणसाकडून पॉलिश करून घ्या. आधी धुणं, मग क्ले बार, म्हणजे मऊ चिकणमातीसारखा गोळा असतो, तो ओल्या पृष्ठभागावर फिरवून रुतलेले कण काढतात, आणि मग ड्युअल ॲक्शन मशीनने, म्हणजे गोल फिरता फिरता हलणाऱ्या मशीनने, कंपाउंड ही बारीक घासणारी पेस्ट फिरवतात. साध्या गोल फिरणाऱ्या मशीनने नवशिक्याने काळ्यावर काम केलं की उन्हात धुरकट वर्तुळं दिसतात, त्यामुळे पॉलिशवाल्याने आधी केलेली काळी गाडी उन्हात बघून मगच गाडी सोपवा. आणि हे दरवर्षी करायचं नसतं, प्रत्येक वेळी क्लिअर कोट थोडा खरवडला जातो आणि उन्हापासून रंगाला वाचवणारा थर तोच आहे.

नंतर वॅक्स किंवा सिरॅमिक, म्हणजे रंगावर लावायचं द्रव कोटिंग, जे वाळून कडक थर होतं. चांगलं वॅक्स दर दोन-तीन महिन्यांनी, पावसाळ्याच्या तोंडावर एकदा नक्की, घरी दोन तासांत होतं. सिरॅमिक कोटिंगने धूळ आणि पाणी पटकन सरकतं, धुणं सोपं होतं, म्हणून डार्क गाडीला ते मला पटतं, पण 9एच म्हणजे दगडासारखं कडक असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, तो पेन्सिलीच्या कडकपणाचा मापदंड आहे, खडी लागली की टवका जाणारच. खडीपासून वाचवते ती पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, महाग आहे, सेकंडहँड गाडीला सगळीकडे लावणं मला झेपलं नाही, मी फक्त बोनेटची पुढची पट्टी, आरसे आणि दारांच्या कडा केल्या.

टवका उडालाच तर रंगाचा कोड बघा, गाडीनुसार तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा बोनेटखालच्या पट्टीवर असतो. नुसतं काळा रंग द्या म्हटलं तर दुकानदार कुठलाही काळा देईल आणि काळ्यात सुद्धा निळसर, तपकिरी, हिरवट अशा छटा असतात. कोडवर बाटली करून घ्या, टवका स्पिरिटने पुसा, मग ब्रश न वापरता काडेपेटीच्या काडीच्या टोकाने एक थेंब ठेवा, वाळला की बसतो, मग दुसऱ्या दिवशी परत एक थेंब, असं तीन-चार वेळा, खड्डा भरेपर्यंत, आणि वरून क्लिअरचा एक. पावसाळ्याच्या आधी हे उरकून घ्या, उघड्या पत्र्यात पाणी गेलं की गंज आतल्या आत पसरतो.