धूसर फोटोची कॅश-की

स्थळं सुचवणाऱ्या एका अँड्रॉइड ॲपमध्ये आम्हाला एक सोय करायची होती: समोरच्याने होकार देईपर्यंत फोटो धूसर दिसावा, होकार आला की स्वच्छ. नव्याने रुजू झालेल्यांना इमेज ट्रान्सफॉर्मेशन (दाखवण्याआधी फोटोत बदल करणं) शिकवायला मला हेच उदाहरण आवडतं. ब्लरचा कोड इंटरनेटवर हवा तेवढा मिळतो. तो फोटो पुन्हा पुन्हा धूसर करावा लागू नये, ही व्यवस्था मात्र स्वतःच लावावी लागते. तयार फोटो पुन्हा वापरायला साठवून ठेवणं म्हणजे कॅश, आणि तो ज्या ओळखीने शोधला जातो ती कॅश-की.

कारण हे काम महाग आहे. मोबाइलने काढलेला 4000 बाय 3000 पिक्सेलचा फोटो, दर पिक्सेलला 4 बाइट धरून, मेमरीत 4 कोटी 80 लाख बाइट व्यापतो. फोटो आणून दाखवणारी ग्लाइडसारखी लायब्ररी तो आधी व्ह्यूच्या, म्हणजे पडद्यावरच्या त्याच्या जागेच्या, मापाच्या जवळपास लहान करते, मगच तुमचं ट्रान्सफॉर्मेशन चालवते. तरीही यादी वरखाली सरकवताना प्रत्येक चौकटीसाठी नव्याने ब्लर करत बसलात, तर साध्या फोनवर स्क्रोल अडखळतोच.

ग्लाइडमध्ये ट्रान्सफॉर्मेशनचा क्लास लिहिताना इक्वल्स, हॅशकोड आणि अपडेट-डिस्क-कॅश-की या तीन मेथड लागतात. पहिल्या दोघी दोन ऑब्जेक्ट सारखे आहेत का ते ठरवतात, तिसरी डिस्कवरच्या कॅशची की बनवते. बरेच जण सगळा जीव प्रत्यक्ष बदल करणाऱ्या ट्रान्सफॉर्म मेथडमध्ये ओततात आणि या तिघी कुठूनतरी चिकटवतात. पहिल्या दोन लिहिल्याच नाहीत, तर प्रत्येक वेळी बनवलेला नवा ऑब्जेक्ट वेगळा मानला जातो, मेमरी कॅश उपयोगी पडत नाही आणि फोटो लुकलुकतात. तिसरीत फक्त क्लासचं नाव घातलं आणि ब्लरची त्रिज्या विसरली, तर त्याहून वाईट. त्रिज्या 10 आणि त्रिज्या 25 या दोन्हींची डिस्कवरची की एकच होते. बदललेली प्रत डिस्कवर ठेवत असाल आणि डिझायनर म्हणाला ब्लर वाढवा, तर तुम्ही आकडा बदलता, ॲप बंद करून उघडता, तरी डिस्कवरचा जुनाच फोटो समोर येतो. म्हणून निकाल बदलू शकणारी प्रत्येक गोष्ट कीमध्ये हवी: त्रिज्या, रंगाची छटा, कोपऱ्यांची गोलाई. अल्गोरिदम बदललात तर नावापुढचा आवृत्तीचा आकडाही वाढवा, नाहीतर ॲप अपडेट केलेल्यांना जुनेच फोटो दिसत राहतील. कॉइल आणि पिकासो या ग्लाइडसारख्याच दुसऱ्या लायब्ररी. कॉइलमध्ये यासाठी कॅश-की नावाची एकच प्रॉपर्टी आहे, पिकासोत की नावाची मेथड. नियम तोच.

डिस्कवर काय साठवायचं याचं ग्लाइडचं धोरण मूळचं ऑटोमॅटिक असतं. नेटवरून आलेल्या फोटोची त्यात मूळ प्रतच डिस्कवर जाते, बदललेली जात नाही. ब्लरसारख्या जड कामाला रिसोर्स (फक्त बदललेली प्रत) किंवा ऑल (दोन्ही प्रती) हे धोरण मुद्दाम द्यावं लागतं. कॉइल तर बदललेली प्रत फक्त मेमरीतच ठेवतं.

आता आमच्या स्थळांच्या ॲपकडे परत बघा. मूळ प्रत डिस्कवर, म्हणजे होकार न दिलेल्या मुलीचा स्वच्छ फोटो अनोळखी माणसाच्या फोनमध्ये पोचलेला आहे. पडद्यावर तो धूसर दिसला म्हणून तो झाकला गेला, असं होत नाही. त्यामुळे खाजगीपणासाठीचा ब्लर सर्व्हरवरच व्हायला हवा, धूसर आणि स्वच्छ फोटोंच्या यूआरएल वेगळ्या हव्यात आणि स्वच्छ फोटोची यूआरएल होकाराआधी ॲपकडे येताच कामा नये. याबाबत मी तडजोड करत नाही. फोनवरचं ट्रान्सफॉर्मेशन शोभेसाठी ठेवा: प्रोफाइलच्या मागचा पुसट पट्टा, छटा वगैरे. नुसते गोल कोपरे हवे असतील तर तेही नको. कम्पोजमध्ये, म्हणजे अँड्रॉइडच्या पडदे रचायच्या टूलकिटमध्ये, क्लिप करा, बिटमॅपला (मेमरीतल्या फोटोच्या पिक्सेलना) हात लावायची गरज नाही.

ट्रान्सफॉर्मच्या आत एक पथ्य पाळा: हाती आलेला मूळ बिटमॅप ग्लाइडमध्ये स्वतः रिसायकल करू नका (म्हणजे त्याची मेमरी मोकळी करू नका), आणि नवा लागला तर बिटमॅप पूलमधून, म्हणजे ग्लाइडने पुन्हा वापरायला ठेवलेल्या साठ्यातून, मागा. पिकासोत मात्र उलटं आहे. नवा बिटमॅप परत देणार असाल तर जुना तुम्हीच रिसायकल करायचा.

कॅश चालतेय का, हे डोळ्यांनी ठरवू नका. ग्लाइडच्या रिक्वेस्ट लिसनरमध्ये डेटा सोर्स, म्हणजे फोटो कुठून आला ते, मिळतो, तो लॉग करा. पहिल्यांदा रिमोट, यादी खाली नेऊन वर आणल्यावर मेमरी कॅश, आणि ऑल धोरण असताना ॲप पूर्ण बंद करून उघडल्यावर रिसोर्स डिस्क कॅश दिसायला हवं. तिथे डेटा डिस्क कॅश दिसलं, तर डिस्कवरची मूळ प्रत घेऊन ब्लर पुन्हा झालाय. आधी धोरण तपासा, मग की, आणि मग व्ह्यूचं माप, कारण मापही कीचाच भाग असतं.