नऊवारी नेसून बुलेटवर मांडवात

नवरीने बुलेटवरून मांडवात यायचं म्हटलं की घरात दोन पक्ष पडतात. आजी, आत्या म्हणतात चार लोक काय म्हणतील. मैत्रिणी टाकी फुल्ल करून तयार. या भांडणात लुगड्याला उगाच आजीच्या पक्षात बसवतात. कासोट्याचं लुगडं टांग टाकून बसायला पाचवारीपेक्षा केव्हाही सोयीचं, फक्त नेसताना गाडी डोक्यात हवी.

कापडापासून सुरुवात करा. नऊ वार म्हणजे २७ फूट, साधारण सव्वाआठ मीटर. सुती असेल तर उत्तम, रेशमी चालेल. ‘सेमी पैठणी’ म्हणून मिळणाऱ्या पॉलिएस्टरपासून मात्र लांब राहा: बुलेटचा सायलेन्सर उजवीकडे असतो आणि तापलेल्या सायलेन्सरला लागलं की हे कापड वितळून पोटरीला चिकटतं. शिवलेली नऊवारी पाच मिनिटांत चढते, पण टांग टाकताना बैठकीची शिवण उसवते. शिवूनच घ्यायची असेल तर शिंप्याला तिथे कळी, म्हणजे जादा कापडाचा तुकडा, घालायला सांगा आणि माप उभ्याने नाही, स्टुलावर दोन्हीकडे पाय टाकून द्या. रॉयल एनफील्डच्या क्लासिक ३५० ची सीट ८०५ मिलिमीटर उंच आहे, म्हणजे जवळजवळ ३२ इंच. स्टूल त्याच उंचीचं शोधा.

हाताने नेसायची असेल तर नेहमीसारखीच नेसा, फरक चार जागी. गाठ: रेशीम सरकतं, म्हणून आधी कमरेला सुती नाडी घट्ट बांधा आणि गाठ तिच्यावर बसवा. कासोटा: उभ्याने ताठ ओढून खोचला की बसताना मागून सुटतो. गुडघे वाकवून, अर्धं बसून ओढा, चार बोटं सैल ठेवा, मगच खोचा. मागे सेफ्टी पिन लावायची झाली तर कमरेच्या काठावर. बसायच्या जागी पिन लागली तर टोचते आणि रेशीमही फाडते. निऱ्या: वेग वाढला की ओचा, म्हणजे पुढे खोचलेल्या निऱ्यांचा भाग, फुग्यासारखा फुगून टाकीवर येतो. गुडघ्याच्या उंचीला आतून दोन-तीन कच्चे टाके घाला, मांडवात पोचल्यावर दोरा ओढून काढता येतो. उजव्या पायाचा काठ घोट्याच्या चार बोटं वर हवा. पदर: खांद्यावर दोन पिना, टोक कमरेभोवती घेऊन डावीकडे घट्ट खोचा. सुटा पदर मागच्या चाकात जातो. मागचं चाक निम्मं तरी झाकणारं संरक्षण नियमानेच असायला हवं. ‘लूकसाठी’ साडीगार्ड काढलेली गाडी मागून आणली असेल तर तो आधी बसवून घ्या.

ब्लाउजकडे कोणी बघत नाही आणि तोच फाटतो. हात हँडलकडे गेले की पाठ ताणते. पाठीत इंचभर जास्त ठेवायला सांगा.

दागिन्यांचा हिशोब हेल्मेटवरून लावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये सूट आहे ती पगडी घालणाऱ्या शिखांना, फेट्याला नाही. पाडव्याच्या शोभायात्रेतले फेटा बांधून गाडी चालवणाऱ्या बायकांचे फोटो दाखवून उपयोग नाही. खोपा घातला तर हेल्मेट बसतच नाही. अंबाडा मानेवर खाली घाला. नथ, मुंडावळ्या, गजरा डबीत ठेवून करवलीकडे द्या, उतरल्यावर घालायला. हिरवा चुडा क्लच दाबताना मनगटावर उतरतो आणि एखादी बांगडी वाढतेच. बांगड्या कोपराकडे सारून वरून क्रेप बँडेज गुंडाळा. पायात बूट, कोल्हापुरी पिशवीत.

वाजतगाजत, वऱ्हाडासोबत जाण्याचा मोह टाळा. १९५ किलोची गाडी ताशी पाच किलोमीटरने अर्ध्या क्लचवर चालवणं हायवेपेक्षा अवघड: क्लचप्लेट जळते, हात भरून येतो, आणि गाडी कलली तर लुगड्यात पाय पटकन टेकत नाही. वऱ्हाड पुढे जाऊ द्या, वीस-पंचवीस मीटर मोकळे झाले की तेवढं अंतर एका दमात काढा.

रंगीत तालीम आठवडाभर आधी, पूर्ण नेसून, आजीसमोर. कासोटा कुठे सैल पडतोय हे तिच्याइतकं कोणाला कळत नाही आणि एकदा तिने हात लावला की विरोध निम्मा ओसरतो. मामाचा मान मात्र सोडू नका: गाडी कार्यालयाच्या फाटकापर्यंत, तिथून बोहल्यापर्यंत मामाचा हात धरून. मामा हौशी असेल तर मागेच बसवा, पण त्याच्या वजनासकट सराव करून, आणि त्यालाही हेल्मेट. निघायची वेळ मुहूर्ताच्या तासभर आधी धरा, टाके काढायला आणि नथ घालायला दहा मिनिटं सहज जातात.

परतताना पायात जोडवी आलेली असतात. गिअर उचलताना डाव्या बुटात ती बोचतात. अर्धा नंबर मोठा बूट घ्या, नाहीतर तेवढी चालवायला नवऱ्याला द्या.