जुन्या बाजारातलं पातेलं आणि नवी कल्हई

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे मिळालेलं पितळी पातेलं बाहेरून देखणं, हातोडीचे ठोके बोटांना जाणवणारं. आतून मात्र कल्हई उडालेली आणि कडेला हिरवट कळंक. अशा भांड्यात आंबट आमटी कळकणारच. घेण्याआधी उजेडाकडे धरून बुडाला भोक नाही ना, एवढं पाहिलं. (घासाघीस त्यानंतर करावी.)

घरी चिंच-मिठाने कळंक काढला. मग कल्हईवाल्याचा शोध. दारावर हाळी देत येणारे हल्ली क्वचितच दिसतात, म्हणून कसबा पेठेतल्या तांबट आळीत चौकशी केली आणि पत्ता मिळाला. काम उभं राहून बघण्यासारखं! भांडं भट्टीवर तापलं, नवसागर पडला, पांढरा धूर उठला, कथील टेकवलं आणि कापसाच्या बोळ्याने सरासर फिरवलं. बघता बघता आतली बाजू चांदीसारखी. तापल्यावर पितळेवर धरणारा ऑक्साइडचा थर नवसागर काढून टाकतो, म्हणून कथील चिकटतं. ते शुद्ध आहे ना, शिसं मिसळलेलं नाही ना, हे मी आधीच विचारून घेतलं होतं. इथे भीड कामाची नाही.

कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. त्यामुळे रिकामं पातेलं आचेवर ठेवत नाही आणि फोडणी वेगळ्या कढल्यात करते. तारेची घासणीही बंद. कल्हई झिजून पितळ दिसू लागलं की पुन्हा तांबट आळी गाठायची.