रमजानमध्ये मुलांना कुरआन वाचनाची सवय लावताना

चांदरातीला (रमजानचा चांद दिसतो त्या रात्री) बऱ्याच घरांत ठरतं की यंदा पोराचा एक खतम करून घ्यायचा. खतम म्हणजे महिनाभरात अख्खा कुरआन वाचून संपवणं: रोज एक पारा (तीस भागांपैकी एक), पंधरा ओळींच्या कुरआनात 20 पानं. हिज्जे करत, म्हणजे अक्षरं जुळवत वाचणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाकडून हे होणार नाही, आणि दहाव्या रोज्याच्या आत ते रेहल (कुरआन ठेवायची लाकडी घडी) पाहूनच टाळाटाळ करू लागतं. म्हणून पानं न ठरवता वेळ ठरवा. कायदा (अरबी अक्षरओळखीचं पुस्तक) शिकणाऱ्याला 5 मिनिटं, अम्मापाऱ्यावर (शेवटच्या पाऱ्यावर) आलेल्याला 10, नाजिरा रवां झालेल्याला, म्हणजे पाहून सफाईने वाचणाऱ्याला, 15 ते 20. वेळ झाली की चालू आयत (ओळ) पूर्ण करून थांबवा. थोडी हौस शिल्लक राहिली तर मूल उद्या आपणहून येतं.

सहेरीला उठणाऱ्या मोठ्या मुलांना फजरनंतरचा (पहाटेच्या नमाजनंतरचा) वेळ उत्तम. इफ्तारीनंतर पोट भरतं, डोळे मिटतात, तेव्हा बसवू नका. लहान मुलं असरनंतर (दुपार कलल्यावरच्या नमाजनंतर) ताजी असतात, पण तेव्हा अम्मी भजी आणि फळांच्या घाईत असते. ऐकायला दादी किंवा आपा (मोठी बहीण) बसू दे. ऐकणारं माणूस रोज तेच हवं. मोबाइल दुसऱ्या खोलीत.

अख्खा कुरआन जड पडतो. तीस पाऱ्यांचे सुटे संच मिळतात, त्यातला तिसावा म्हणजे अम्मापारा मुलाच्या हाती द्या. पातळ पुस्तक संपताना दिसतं, याचा फार आनंद असतो. वुजू (नमाजआधी करतात तसं हातपाय-तोंड धुणं), रेहल, जुजदान (कुरआनची कापडी पिशवी) याच क्रमाने रोज सुरुवात करा.

नव्या मुलांसाठी सोपी आखणी: सूरह (अध्याय) नासपासून मागे सूरह फीलपर्यंत दहा सूरह, एकूण 48 आयती, प्रत्येकीला तीन दिवस. पहिल्या दिवशी मोठ्यांनी म्हणायचं आणि मुलाने बोट ठेवून ऐकायचं, दुसऱ्या दिवशी एकेक आयत मागून म्हणायची, तिसऱ्या दिवशी एकट्याने. चांद 29 चा झाला, म्हणजे महिना 29 दिवसांत संपला, तर शेवटच्या सूरहचा एक दिवस ईदनंतर. या दहाच का? आपल्या खेड्यापाड्यांत हाफिजसाहेब (कुरआन तोंडपाठ असलेले) मिळाले नाहीत की तरावीहच्या (रमजानातल्या रात्रीच्या नमाजच्या) 20 रकातींत, म्हणजे फेऱ्यांत, ‘अलम तर’पासूनच्या (सूरह फीलपासूनच्या) याच दहा सूरह दोनदा पढल्या जातात. सकाळी वाचलेलं रात्री मशिदीत ऐकू आलं की मूल अम्मीच्या नाहीतर अब्बांच्या कानात सांगतं, ‘ही माझी सूरह!’

आता उच्चार. इथे मराठवाड्यात खास अडचण आहे. आपल्या दख्खनी बोलीत बडा काफ (अरबी ق; छोटा काफ म्हणजे ك) ‘ख’ होतो, त्यामुळे मुलं ‘कुल हुवल्लाहु’ऐवजी ‘खुल हुवल्लाहु’ म्हणतात. मराठी शाळेत जाणारी मुलं तोच साधा ‘क’ करतात, आणि तेव्हा अर्थच फिरतो: बड्या काफचं ‘कुल’ म्हणजे ‘म्हण’, छोट्या काफचं ‘कुल’ म्हणजे ‘खा’. बडा काफ जिभेच्या अगदी मुळाशी, पडजिभेजवळ निघतो. आरशासमोर तोंड उघडून दोन्ही काफ पाळीपाळीने पाच वेळा म्हणवून घ्या. देवनागरीत छापलेल्या कुरआनवर विसंबू नका. जाल, जे, जाद, जोय या चारही अरबी अक्षरांना तिथे एकच ‘ज’ लागतो आणि चुकीची सवय पक्की होते. अर्थासाठी मात्र मराठी अनुवाद जरूर ठेवा, आठवड्यातून एका सूरहचा अर्थ बोलीभाषेत सांगा.

दर शब्दाला टोकू नका. आयत संपू द्या, मग सांगा, आणि एका दिवशी एकाच प्रकारची चूक धरा: आज काफ, उद्या लहान जबर (‘अ’ स्वराची खूण) लांबवणं. अडखळत, कष्टाने वाचणाऱ्याला दुप्पट सवाब (पुण्य) आहे, ही हदीस (पैगंबरांचं वचन) मुलाला आधीच सांगून ठेवा. भावंडांची तुलना त्याच्यासमोर नको.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट सबक (धडा) देऊ नका, जिथे थांबलात तिथूनच पुढे. ईदच्या दिवशी सुट्टी द्या. ईदच्या दुसऱ्या दिवशी, 2 शव्वालला, त्याच जागी, त्याच वेळी, फक्त 5 मिनिटं बसवा. हा दिवस हुकला की पुढचे महिने जुजदानाची गाठ सुटत नाही.