आजीच्या ट्रंकेतले काटे-चमचे सराफ्यात वजनावर देऊ नका

आपल्या ग्वाल्हेरच्या लश्कर भागात एकेक करून जुने वाडे पडतायत, फ्लॅट होतायत, आणि कुठलाही वाडा रिकामा करताना माडीवरून एखादी तरी ट्रंक निघतेच ज्यात फुलाफुलांच्या बशा, काळे पडलेले काटे-चमचे आणि कान तुटलेली एखादी किटली असते. मग घरचे लोक चमचे घेऊन सराफ्यात जातात, सराफ कसोटीवर घासतो, म्हणतो ही चांदी नाही जर्मन सिल्व्हर आहे, आणि ते सगळं भंगारात किलोवर जातं. मला याचं खरंच फार वाईट वाटतं, कारण रेल्वेच्या आणि हॉटेलांच्या त्या भांड्यांची किंमत धातूत नसतेच, ती मागच्या शिक्क्यात असते. एकदा वितळलं की शिक्का गेला, संपलं. म्हणून जमवायचं कसं, ओळखायचं कसं आणि विकायचं कसं ते सगळं इथे सांगतोय.

पहिलं काम, वस्तू उलटी करा. चमचा असो की बशी, समोरची नक्षी नंतर बघा. काट्याच्या दांडीमागे ईपीएनएस दिसलं तर त्याचा अर्थ निकेल सिल्व्हरवर विजेने दिलेला चांदीचा मुलामा, आणि निकेल सिल्व्हर म्हणजे सराफाचं तेच जर्मन सिल्व्हर, तांबं, निकेल, जस्त, त्यात चांदी शून्य. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टननी या पद्धतीचं पेटंट १८४० मध्ये घेतलं आणि नंतर शेफिल्डच्या मॅपिन अँड वेब, वॉकर अँड हॉल वगैरे कंपन्यांनी जगभरच्या हॉटेलांना आणि आगगाड्यांना हाच माल पुरवला. खरी इंग्लिश स्टर्लिंग चांदी असेल तर चालणारा सिंह दिसतो, सोबत शहराची खूण, बर्मिंगहॅमचा नांगर, शेफिल्डचा १९७४ पर्यंत मुकुट. सिंह असेल तर सराफाकडे जा, पण तेव्हाही वजनाचा भाव हा कमीत कमी भाव समजा.

आता रेल्वेचं. आपल्याकडे सगळ्यात जास्त मिळतं ते जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचं, ग्वाल्हेरवरून जाणारी मेन लाईन त्यांचीच होती. ५ नोव्हेंबर १९५१ ला जीआयपी, निजामाची रेल्वे, आपली सिंदिया स्टेट रेल्वे आणि धोलपूरची रेल्वे मिळून सेंट्रल रेल्वे झाली, त्यामुळे जीआयपीआर कोरलेला काटा त्याच्या आधीचा, एवढं तर डोळे झाकून सांगता येतं. बीबी अँड सीआय म्हणजे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचं तसंच, तीही त्याच दिवशी वेस्टर्न रेल्वे झाली. कधीकधी रेल्वेचं नाव नसून ठेकेदाराचं असतं, केल्नर, स्पेन्सर, ब्रँडन, हे लोक स्टेशनांवरच्या रिफ्रेशमेंट रूम चालवायचे. असं नाव दिसलं तर साधा हॉटेलचा चमचा म्हणून सोडून देऊ नका.

नकली पण भरपूर येतंय. साधा जुना चमचा घ्यायचा आणि त्यावर आता शिक्का मारायचा, एवढंच करतात. ओळखायचं असं की चमचा उजेडात तिरका धरा. रोज टेबलावर ठेवून ठेवून चमच्याच्या खोलगट भागाची पाठ जिथे टेकते तिथला मुलामा आधी जातो आणि आतला पिवळसर करडा धातू डोकावतो, काट्याचे दातही टोकाला झिजून थोडे आखूड आणि गोल होतात, बहुतेक एका बाजूला जास्त. त्याच हातांनी, त्याच घासण्याने शिक्क्याच्या कडाही मऊ व्हायला हव्यात. दात झिजलेत आणि अक्षरं मात्र बोटाला टोचतायत, तर माल परत ठेवा. झिजलेल्या जागी लालसर तांबं दिसलं तर थांबून नीट बघा, ते विजेच्या आधीच्या जमान्यातलं जुनं शेफिल्ड प्लेट असू शकतं, तांब्यावर चांदीचा पत्रा चढवलेलं, पण नंतर तांब्यावर मुलामा दिलेली स्वस्त वस्तूही तशीच दिसते.

चिनीमातीचं जरा वेगळं आहे. मोबाईलचा टॉर्च बशीच्या मागे धरा आणि पुढून बोटं हलवा, सावली दिसली तर पोर्सिलेन किंवा बोन चायना, नाही दिसली तर साधी माती किंवा जाड हॉटेलवेअर. हॉटेलवेअरला कमी लेखू नका बरं का, ते मुद्दाम जाड आणि गोल कडेचं करायचे कारण हलत्या गाडीत आणि वेटरच्या हातात टिकायला हवं, आणि मागे ग्रिंडली हॉटेल वेअर सारखं नाव आणि पुढे रेल्वेचं चिन्ह असेल तर ती बशी नाजूक फुलांच्या बशीपेक्षा लवकर विकली जाते. तारखेसाठी शिक्का वाचा. नुसतं इंग्लंड लिहिलंय तर साधारण १८९१ नंतरचं, कारण तेव्हापासून अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, मेड इन इंग्लंड असं पूर्ण लिहिलेलं बहुतेक विसाव्या शतकातलं. पत्त्यातल्या चौकटच्या आकाराची डिझाईनची नोंदणीखूण १८४२ ते १८८३ मधली, आरडी आणि पुढे नंबर असेल तर १८८४ पासून पुढची. जपानी मालावर निप्पॉन असेल तर साधारण १८९१ ते १९२१, आणि ऑक्युपाइड जपान लिहिलेला कप सापडला तर दुसऱ्या महायुद्धानंतरची ती थोडीच वर्षं, १९५२ पर्यंतची.

कपाला नखाने टिचकी मारा, चांगला असेल तर घंटेसारखा वाजतो, केसाएवढी चीर असेल तर बद्द आवाज येतो. आवाज बद्द आला की काठावरून बोट फिरवा, टवका उडालेला लगेच लागतो. डागडुजी केलेली असेल तर यूव्ही टॉर्चखाली तो भाग बऱ्याचदा वेगळा चमकतो, हा टॉर्च ऑनलाईन स्वस्तात मिळतो, घेऊनच ठेवा.

साफ करताना लोक सगळ्यात जास्त नुकसान करतात. राख, चिंच, लिंबू, पितांबरी हे तांब्या-पितळेला ठीक, पण मुलामा केसापेक्षा पातळ असतो आणि प्रत्येक रगडण्याने थोडा जातो. त्याऐवजी भांड्यात अॅल्युमिनियमचा फॉईल चकचकीत बाजू वर करून पसरा, वर चमचे फॉईलला टेकतील असे ठेवा, खाण्याचा सोडा टाकून कढत पाणी ओता, काळेपणा म्हणजे चांदीवरचा गंधक, तो अॅल्युमिनियमकडे जातो आणि चांदी जागेवर राहते, थोडासा कुजलेल्या अंड्यासारखा वास येईल, येऊ द्या. पण पोकळ मुठीच्या सुऱ्या या पाण्यात बिलकुल बुडवू नका, मुठीत भरलेलं डिंकासारखं मिश्रण उष्णतेने सुटतं आणि पातं निघून हातात येतं. मोनोग्राम घासून गुळगुळीत करायचा मोह तर अजिबात नको. ठेवताना जुनं धुतलेलं सुती धोतर फाडून त्यात गुंडाळा. रबरबँड लावला तर त्यातल्या गंधकाने तिथेच काळा पट्टा पडतो. बशा एकावर एक रचताना मध्ये कागदी नॅपकिन, आणि कप एकात एक कधीच नाही.

विकत घेताना शनिवार-रविवार कबाड्यांकडे फेरी मारा, दसरा-दिवाळीच्या साफसफाईच्या आठवड्यात तर रोजच, आणि ओळखीच्या घरातून घेत असाल तर काकूंना स्पष्ट सांगा की काकू, याला एवढा भाव मिळू शकतो, मी एवढे देतो. पुढचं कपाट उघडताना त्या तुम्हालाच बोलावतील. आणि वेळ काढून सिंदियांच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावर सिगार-ब्रँडी घेऊन फिरणारी ती चांदीची आगगाडी बघून या, रेल्वे आणि चांदी या जोडीचं वेड आपल्या गावाला कुठून लागलं ते तिथेच कळतं.

आता कायद्याचं, हे नीट वाचा. पुरावस्तूंच्या १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू धरली जाते, तिचा धंदा करायला लायसन्स लागतं आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यापेक्षा नवीन वस्तू परदेशी गिऱ्हाइकाला पाठवायची असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नाही असं सर्टिफिकेट घ्या, नाहीतर पार्सल कस्टममध्ये अडकतं. आणि रेल्वेचा शिक्का असलेल्या मालाला बिल हवंच, लिलावाची पावती किंवा निदान विकणाऱ्याचं सही केलेलं पत्र, कारण रेल्वे मालमत्तेच्या बेकायदा ताब्याबद्दल १९६६ चा कायदा आहे आणि चोरीचा संशय आला तर हिशोब तुम्हाला द्यावा लागतो. आयआर म्हणजे इंडियन रेल्वे असा ताजा शिक्का असलेलं स्टीलचं भांडं कोणी देऊ लागलं तर सरळ नाही म्हणा.

भाव ठरवताना लोकांनी किती मागितलेत ते बघू नका, ईबे वर विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या बघता येतात, तिथला आकडा खरा, आणि भारतातल्या गिऱ्हाइकाला विकताय तर त्यापेक्षा कमीच धरा. एकाच डिझाईनचे सहा काटे एकत्र विका, सुटे करू नका. फोटो पाच तरी, पुढून, मागून, शिक्का जवळून, टवका जवळून, आणि शेजारी फूटपट्टी. दोष आधी लिहा, पार्सल परत येण्यापेक्षा ते बरं. कुरियर करताना प्रत्येक बशी बबलरॅपमध्ये, बशा आडव्या न ठेवता उभ्या, खोक्यात खोकं आणि मध्ये चारही बाजूंनी दोन बोटं गच्च भरलेली, खोकं हलवल्यावर आतून काहीच वाजता कामा नये.